सूत आधी गेलं, कापड नंतर

मँचेस्टरच्या स्वस्त कापडाने आपले हातमागाचे विणकर बुडाले असं नेहमी म्हणतात, ते बरोबरच आहे, पण त्यात सूत कातणारे पार राहूनच गेले आणि मला त्यांचंच जास्त वाईट वाटतं. आमच्या ग्वाल्हेर संस्थानातलं विणकरांचं गाव चंदेरीच घ्या ना, तिथे आधी हातानं कातलेलं अतिशय बारीक सूत वापरायचे, मग १८९० च्या सुमारास विलायती गिरणीचं सूत आलं, विणकरांना ते स्वस्त पडलं, त्यांनी ते घेतलं. माग चालू राहिले, कातणाऱ्यांचं काम मात्र गेलं! गिरणीशी स्पर्धा आधी सुतातच झाली.

पुढे १९१० मध्ये ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारने चंदेरीला विणकामाचं ट्रेनिंग सेंटर काढलं, १९३० च्या दशकात ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, जपानी रेशीम आलं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी आजीचं चंदेरी लुगडं अजून जपून ठेवलंय, ते घेऊन मी मुद्दाम चंदेरीला गेले होते. तिथल्या म्हाताऱ्या विणकरकाकांनी पदर बोटांत धरून लगेच सांगितलं, ताणा रेशमाचा, बाणा (आडवा धागा) सुती, आणि दोन्ही बाहेरचं. विणकाम तेवढं आमचं, म्हणाले.