पुण्याचा हिशोब तिथे चालत नाही

वर कुणीतरी 'शेवटी सगळे धर्म चांगलं वागा एवढंच सांगतात' असं लिहिलंय. कट्टर इव्हँजेलिकल माणसाला (म्हणजे बायबल आणि येशूवरचा विश्वास यांना सगळ्यात वर मानणाऱ्या प्रोटेस्टंट ख्रिस्त्याला) नेमकं हेच पटत नाही. त्याच्या लेखी पुण्य साठवून तारण, म्हणजे पापातून सुटका, मिळत नाही. आपल्या पापांची शिक्षा येशूने वधस्तंभावर आपल्या जागी भोगली, त्यावर विश्वास ठेवायचा. सत्कर्मं त्यामागून येतात. मिरजेतल्या आमच्या शेजारच्या मावशी, निवृत्त नर्स. त्यांच्या बायबलात इफिसकरांस पत्र २:८-९ (तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे मिळतं, कर्मांनी नाही, असं सांगणाऱ्या ओळी) खाली लाल पेन्सिलीची रेघ आहे, पान हाताळून पार मऊ पडलंय. जन्मभर रुग्णसेवा केली, तरी 'त्यानं मी तरणार नाही रे बाबा' म्हणतात!

अशा श्रद्धेच्या बाकी मुद्द्यांची यादी हवी तर १९१० साली अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन (हा एक प्रोटेस्टंट पंथ) महासभेने पाच गोष्टी अत्यावश्यक ठरवल्या: बायबल चुकत नाही, कुमारीपोटी जन्म, पापांसाठी बलिदान, सदेह पुनरुत्थान, चमत्कार खरे. (मिरजेत १८९४ ला दवाखाना काढणारे डॉ. वॉनलेस प्रेस्बिटेरियनच.) पुढे प्रेस्बिटेरियनांतच या पाच गोष्टींवरून जुंपली, तेव्हा मिशनचं चर्च दिसलं की आत सगळे इव्हँजेलिकल असं धरू नका. बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा की जाणत्याला, यावर तर इव्हँजेलिकलांचंही आपसात जमत नाही.