कुंपण शेजाऱ्यांचं, कुत्रा आमचा, दुरुस्ती कोणी करायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जरा सल्ला पाहिजे. आमच्या आणि शेजाऱ्यांच्या मधलं तारेचं कुंपण मागच्या बाजूला सैल झालंय, दोन खांब कुजून वाकलेत आणि आमचा कुत्रा खालून माती उकरून त्यांच्या बागेत जातो. चावत वगैरे नाही, पण त्यांची लहान मुलगी घाबरते आणि ते मला खरंच मनाला लागतं. कुत्रा आवरणं ही माझीच जबाबदारी आहे, त्यात वादच नाही. तोवर त्याला मोकळा सोडत नाहीये, लांब दोरीवर फिरवते, पण दिवसभर बांधून ठेवणं पण बरं नाही ना, भुंकून भुंकून जीव काढतो बिचारा.

प्रश्न असा की कुंपण त्यांनी घातलेलं, त्यांच्या हद्दीत, आणि ते म्हणतात खर्च तुम्हीच करा कारण कुत्रा तुमचा. पण खांब तर आधीपासून कुजलेत! मी अर्धा खर्च द्यायला तयार आहे. की आपल्याच बाजूने आतून वेगळी जाळी लावू? जाळी फूटभर जमिनीत पुरून खाली आतल्या बाजूला वळवली की कुत्र्याला उकरता येत नाही म्हणतात, कोणी केलंय का? आणि बोलणं न बिघडवता हे लेखी कसं ठरवायचं?