शब्दचर्चा : ‘बिडाचा तवा’ की ‘बीडचा तवा’?

प्रश्न : ऑनलाइन दुकानांत ‘बीडचा तवा’ असं लिहिलेलं दिसतं. हा आणि लोखंडी तवा एकच का? आणि ‘सीझनिंग’ला, म्हणजे तेल लावून तवा तापवून तयार करण्याला, मराठीत काय म्हणावं?

▪ ‘बिडाचा’च म्हणा. बीड म्हणजे ओतीव लोखंड. मूल–मुलाचा, तसंच बीड–बिडाचा; विभक्ती लागताना दीर्घ ‘बी’ ऱ्हस्व होतो. ‘बीडचा तवा’ म्हणजे बीड शहरातला तवा, मग तो ॲल्युमिनियमचा का असेना!

▪ धातूही वेगळे. बिडात साधारण 2 ते 4 टक्के कार्बन असतो, म्हणून ते कडक पण ठिसूळ. पोळीचा लोखंडी तवा पत्र्याचा असतो. पडला तर लोखंडी तव्याला पोचा येतो, बिडाचा तडकतो. तापलेल्या बिडावर गार पाणी ओतलं तरी तेच. दुकानात बोटाने वाजवून बघा : पत्रा टणटणतो, बीड जाड, बसका आवाज देतं. पोळी-भाकरीला पत्र्याचा तवा बरा, आच कमी-जास्त केली की लगेच जाणवते. घावन, आंबोळीला बीडच हवं, कारण गार पीठ पडलं तरी त्याची धग उतरत नाही.

▪ सीझनिंगला ‘तवा मुरवणे’ सुचवतो. लोणचं मुरतं तसं तेल मुरतं.

▪ ‘मुरवणे’ सुचवणाऱ्यांशी मी मात्र असहमत. तेल आत मुरत नाही. तापून त्याचा पातळ, कडक थर वर बसतो. मला ‘तवा रापवणे’ पटतं, कारण रंग काळा होत जातो तो डोळ्यांना दिसतो. कृती अशी : नवा तवा कोमट पाण्याने, साबणाने घासा, गॅसवर पूर्ण कोरडा करा. पाव चमचा जवसाचं किंवा शेंगदाण्याचं तेल सुती फडक्याने चोळा आणि मग दुसऱ्या कोरड्या फडक्याने सगळं पुसून काढतोय असं समजून पुसा. मध्यम आचेवर धूर येऊन थांबेपर्यंत तापवा, गार होऊ द्या. असं चार-पाच वेळा. तवा चिकचिकीत झाला तर तेल जास्त झालं. पुन्हा घासून सुरुवात करावी लागते.

▪ रोजच्या वापरात नारळाची शेंडी किंवा कांद्याची अर्धी फोड तेलात बुडवून फिरवा. पाण्याचे थेंब तव्यावर नाचायला लागले की पीठ घाला. घावन कडेने सुटायच्या आत कालथा घातला तर फाटणारच. चिंच, कोकम, टोमॅटोचं काही त्यात शिजवू नका, थर उतरतो आणि पदार्थ काळवंडतो. धुतल्यावर निथळत ठेवू नका, लगेच गॅसवर सुकवा.

▪ ‘निर्लेप’चं काय? मूळ अर्थ ‘ज्याला काही चिकटत नाही’ असा. औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) कंपनीचं हे नाव घरोघरी नॉनस्टिकलाच पडलं. खरं तर त्या तव्यावरही लेपच असतो, टेफ्लॉनचा. 260 अंश सेल्सिअसच्या वर तो खराब होऊ लागतो, म्हणून रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवू नये.

▪ आणि फ्रायपॅनला ‘कढई’ म्हणू नका, कढईचं बूड गोल. सपाट बुडाची, उथळ ती तई. जिलबी तिच्यातच तळतात. आकाराने तोच शब्द जवळचा.