मदत हवी आहे: वेगवेगळे फोटो जोडून रचलेल्या चित्रात सावल्या जुळत नसतील तर अर्थ कसा लावायचा?

सांगलीत मित्राच्या फोटोंचं छोटं प्रदर्शन आहे. एका फोटोखाली पाच-सहा ओळी मला लिहायच्यात. वर आयर्विन पूल, खाली कृष्णेच्या पाण्याऐवजी वाळत घातलेली हळकुंडं, मधोमध खुर्चीवर पाठमोरी आजी. पुलाची सावली डावीकडे पडते, आजीची उजवीकडे.

जो तो '२०१९ चा पूर' म्हणून मोकळा होतो. मला पटत नाही. चित्रात ओलाव्याचा टिपूसही नाही, आजीच्या टाचांनासुद्धा पिवळी धूळ लागलीय. मित्राला विचारलं तर 'तूच सांग'. (हे त्याचं नेहमीचंच.)

एआयचं काम नाही, त्याचेच तीन फोटो फोटोशॉपमध्ये जोडलेत. 'मग हा फोटोच नाही' हा वाद कृपया नको. ऑस्कर रेलँडर या छायाचित्रकाराने १८५७ मध्येच तीसेक निगेटिव्ह जोडून एक चित्र केलं होतं.

आधी दिसतं तेवढंच लिहून पाहिलं, ते पंचनाम्यासारखं झालं. मग 'विस्थापन' वगैरे लिहिलं, ते माझं मलाच खोटं वाटलं.

फोटो आता बदलणार नाही, छापून आलाय. तर अशा चित्रात उलटी सावली मुद्दाम ठेवलेली आहे की जोडकामातली चूक, हे चित्रातल्याच कुठल्या खुणांवरून ओळखायचं? आणि चूकच असेल, तर अर्थ लावताना ती धरायची की सोडायची?