टेनिस एल्बो झालाय, पण बॅडमिंटन सोडायचं नाही : सल्ला हवा

पहाटेचं_शटल

नमस्कार मंडळी. मी आर्वी तालुक्यातला, वय ४१, शेती करतो. अकरा वर्षांपासून रोज सकाळी साडेपाच ते सात बॅडमिंटन. एरवी जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावरच्या सिमेंटच्या कोर्टवर खेळतो आणि पावसाळ्यात जिनिंगच्या रिकाम्या शेडमध्ये. नवा कापूस येईपर्यंत मालक शेड वापरू देतात. शिक्षक, किराणावाले, एसटीचे एक वाहक, बाकी शेतकरी असे बारा-तेरा जण आहोत.

जुलैपासून उजव्या कोपराच्या बाहेरच्या हाडाशी दुखून राहिलं. आधी फक्त बॅकहँडला चमक निघायची. आता चहाचा कप उचलतानाही कळ येते. परवा दुधाची बादली उचलली आणि बोटांतून सुटलीच. चार लिटर दूध गोठ्यात सांडलं. हातात जीवच नव्हता त्या क्षणी, घाबरलो. डॉक्टरांनी हाड दाबून पाहिलं, टेनिस एल्बो सांगितला, गोळ्या दिल्या आणि तीन महिने खेळ बंद म्हणाले.

दिवाळीनंतर आमच्याकडे दुहेरीचे सामने असतात. यंदा पुतण्या पहिल्यांदाच माझ्यासोबत उतरणार आहे. बारावीला आहे तो, पुढच्या वर्षी शिकायला बाहेरगावी जाईल. म्हणून हे वर्ष हातचं जाऊ द्यायचं मनात येत नाही.

खेळत राहून हे बरं होतं का? पट्टा कोणता घ्यायचा, कुठं बांधायचा? इंजेक्शन घेऊ का? रॅकेटचं काही चुकतंय का? सध्या २७ पाउंडांवर तार बांधलेली आहे.

तूरडाळ

२७? भाऊ, ती तार आधी सैल करून घ्या. २२-२३ वर आणा. ताठ तारेचा झटका मनगटातून थेट कोपरात जातो. आपल्यासारख्या हौशी खेळाडूला २७ चा फायदा तसाही मिळत नाही, मधोमध लागलं तरच शटल जातं आणि थोडं इकडेतिकडे लागलं की हात झणझणतो. मी २३ वर आल्यावर शटल उलट जास्त लांब जायला लागलं.

मूठ केवढी आहे? रॅकेटवर जी-५ लिहिलेलं असेल तर ती बारीक मूठ. बारीक मुठीला बोटं जास्त आवळावी लागतात. वरून एक ओव्हरग्रिप, म्हणजे मुठीवर गुंडाळायची पातळ पट्टी, चढवा आणि घामाने गुळगुळीत झाली की लगेच बदला. पावसाळ्यात ग्रिप सटकते म्हणून आपण नकळत रॅकेट गच्च धरतो. वजन पण पाहा. ४यू म्हणजे ८० ते ८४.९ ग्रॅम, ३यू म्हणजे ८५ ते ८९.९. ३यू असेल तर काही महिने ४यू वापरा.

संत्रा_वरूड

इंजेक्शनबद्दल माझा अनुभव सांगतो. दोन वर्षांआधी मले हेच झालं होतं, व्हॉलीबॉलची सर्व्हिस आणि संत्र्याची तोडणी दोन्ही एकाच हातानं. स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं. आठ दिवसांत हात ठणठणीत, मी तर सगळ्यांले सांगत सुटलो की जादू आहे. दीड-दोन महिन्यांनी परत आलं, आन् आधीपेक्षा जास्त. मंग वर्षभर गेलं त्याच्यात. कोणी सांगितलं असतं तर मी घेतलंच नसतं.

फिजिओ_वर्धा

वरच्या दादांचा अनुभव अपवाद नाही. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने पहिले काही आठवडे खरंच छान वाटतं, पण वर्षाच्या शेवटी पाहिलं तर इंजेक्शन घेतलेले रुग्ण न घेतलेल्यांपेक्षा मागे असतात, दुखणंही त्यांच्यात जास्त वेळा उलटतं. हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

पहाटेचं_शटल दादा, बाकी सांगण्याआधी मला एक कळू द्या. खेळ दीड तासाचा. उरलेल्या दिवसात उजव्या हातात काय काय असतं? जुलैमध्ये नवीन काय सुरू झालं? आणि मान वळवल्यावर हातात मुंग्या येतात का, बोटं बधिर होतात का?

पहाटेचं_शटल

ताई, मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही.

बाकी दिवसाचं म्हणाल तर सकाळ-संध्याकाळ दोन म्हशींची धार. पाच एकर कपाशी-तूर आहे. जुलैपासून फवारणी. पाठीवरचा १६ लिटरचा बॅटरीचा पंप, दोन एकरांत वीस-पंचवीस पंप होतात. यंदा गडी मिळाला नाही म्हणून सगळी मीच केली. लान्सचा, म्हणजे फवारायच्या नळीचा, खटका उजव्या हाताने दाबून धरायचा. हे लिहिता लिहिताच लक्षात आलं, मागच्या वर्षीपर्यंत फवारणी गडीच करायचा.

वेचणीवाली

दादा, मी आयुष्यात रॅकेट धरली नाही आणि मला दोनदा टेनिस एल्बो झाला. एकदा निंदणाने, एकदा धुण्याचे पिळे पिळून. डॉक्टरांनी नाव सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, तू कुठं टेनिस खेळतेस. नाव खेळाचं आहे, पण दुखणं आपल्या कामाचंच आहे. खेळ बंद करून पंप चालू ठेवला असता तर तीन महिन्यांनी तुम्ही इथंच परत आला असता.

फिजिओ_वर्धा

ताईंनी माझं अर्धं काम केलं. आता नीट लिहिते.

मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाच्या टोकाशी एकत्र चिकटलेले असतात. तिथली टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, झेपेल त्यापेक्षा जास्त ओढली गेली की आतून विरायला लागते. मूठ आवळली की मनगट खाली कलंडू नये म्हणून हेच स्नायू ताठ होतात. म्हणून रॅकेट, खटका, म्हशीची धार, गाडीचा ॲक्सिलेटर, सगळ्यांचा हिशेब एकाच खात्यात पडतो. ही नुसती सूज नसते, म्हणून नुसत्या गोळ्यांनी सुटत नाही. आणि नुसत्या आरामानेही पुरतं सुटत नाही, कारण टेंडनला पुन्हा ताकद यायला मोजून-मापून ओझंच लागतं. खेळ थोडा ठेवून बरं होता येतं. पण खात्यातला मोठा खर्च आधी कमी करा, तो पंप आहे.

पंप : खटक्याला अडकवायची कडी असते, ती लावा. नसेल तर जाड रबराने बांधून पाहा. दर पंपाला हात बदला. एका दिवसात दोन एकर उरकू नका, जमलं तर यंदा शेजाऱ्याशी सावड करा, आळीपाळीने एकमेकांचं काम.

धार : अंगठा मुडपून काढता का? बहुतेक तसेच काढतात. पूर्ण मुठीने काढा. सडांनाही तेच चांगलं, जनावरांचे डॉक्टरही हेच सांगतात. महिनाभर एक म्हैस घरातल्या दुसऱ्या कोणाकडे द्या.

उचलणं : तळवा खाली करून, हात लांब करून काहीही उचलायचं नाही. बादली, पिशवी, कप, सगळं तळवा वर किंवा आत वळवून, कोपर अंगाशी वाकवून उचला. याने पहिल्या आठवड्यातच फरक कळतो.

आता व्यायाम. खरं औषध हेच. हात ओट्यावर टेकवा, मनगट कडेच्या बाहेर, तळवा जमिनीकडे. हातात पाण्याची अर्धा लिटरची भरलेली बाटली. पहिले दहा दिवस मनगट सरळ ठेवून नुसतं धरून ठेवा, ३० ते ४५ सेकंद, पाच वेळा, दिवसातून दोनदा. त्यानंतर डाव्या हाताच्या मदतीने मनगट वर आणा, मदत काढून घ्या आणि चार-पाच आकडे मोजत उजव्याने सावकाश खाली सोडा. १५ वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. सोपं वाटायला लागलं की लिटरची बाटली. निदान १२ आठवडे. खूप जण दुखणं कमी झालं की चौथ्या आठवड्यात सोडतात आणि परत येतात.

व्यायाम करताना थोडं दुखेल, ते चालतं. दहापैकी तीन-चार इतकं. दुसऱ्या दिवशी सकाळी कप उचलून पाहा. कालच्याइतकंच किंवा कमी असेल तर मात्रा बरोबर, जास्त असेल तर वजन कमी करा. खेळालाही हीच मोजपट्टी लावा.

पट्टा कोपरावर बांधायचा नाही. हाडाच्या टोकाखाली दोन बोटं सोडून, मूठ आवळली की जो स्नायू फुगतो त्यावर. फक्त खेळताना आणि पंपाच्या वेळी. हात बधिर होईल इतका आवळू नका. आणि गोळी खाऊन कोर्टवर जाऊ नका. गोळीने दुखणं झाकतं, ओढ तेवढीच पडते.

बोटं बधिर झाली, कोपर लाल होऊन सुजलं, पूर्ण वाकेना किंवा रात्री झोपेतून उठवायला लागलं, तर ही सगळी चर्चा बाजूला ठेवून दाखवून या. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा सावंगीला हाडांचे डॉक्टर आणि फिजिओथेरपी दोन्ही एका आवारात मिळतात.

तूरडाळ

ताई, हे सेव्ह करून ठेवलं. खेळाचं मी जोडतो. दुहेरीत पुतण्याला डाव्या बाजूचं मागचं कोर्ट द्या, म्हणजे तुमच्या बॅकहँडला शटल कमी येईल. जे येईल ते पाय हलवून डोक्यावरून फोरहँडने घ्या. बॅकहँड मारावाच लागला तर अंगठा मुठीच्या रुंद बाजूवर सपाट ठेवा आणि शटल अंगाच्या पुढे घ्या. मागे राहून नुसत्या मनगटाने ओढलेला बॅकहँड क्लिअर, म्हणजे पार मागच्या रेषेपर्यंतचा उंच फटका, कोपराला सगळ्यात महाग पडतो. मुख्य म्हणजे फटक्याच्या क्षणापुरतीच मूठ आवळा, बाकी वेळ रॅकेट बोटांत सैल राहू द्या.

सिव्हिल_लाइन्स_स्टँड

धागा वाचून २००४ चा ऑक्टोबर आठवला. ऑस्ट्रेलियाविरुद्धची नागपूर कसोटी, विदर्भ क्रिकेट असोसिएशनचं (व्हीसीए) जुनं मैदान. सचिन टेनिस एल्बोमुळे पहिल्या दोन कसोट्या मुकला होता आणि आमच्या नागपुरात परतत होता. आम्ही चार मित्र पुलगावहून पहाटेच्या गाडीने गेलो. खेळपट्टीवर हिरवं गवत. त्याने ८ आणि २ केले, आपण ३४२ धावांनी हरलो. तो मैदानात चालत येताना स्टँडमधला आवाज आणि बाद झाल्यावरची शांतता, दोन्ही अजून कानात आहेत. पुढे मे २००५ मध्ये त्याला लंडनला शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली आणि त्याच वर्षी डिसेंबरात दिल्लीला पस्तिसावं कसोटी शतक झालं. दादा, त्याच्यासारख्याला एवढा वेळ द्यावा लागला, तुम्ही दोन महिन्यांत बरं झालंच पाहिजे असं मनावर घेऊ नका.

संत्रा_वरूड

आमच्याकडं एरंडाचं पान गरम करून बांधतात. बरं वाटते. ताई, चालन का?

फिजिओ_वर्धा

चालेल, शेकाने दुखणं सुसह्य होतं. शेकून झालं की बाटली हातात घ्यायची, एवढंच. फक्त जोरात रगडून मालिश नको, दुखऱ्या हाडावर तर अजिबात नको.

पहाटेचं_शटल

सहा आठवडे झाले, म्हणून लिहितो. पहिले दोन आठवडे कोर्टवर गेलो, पण शटल उचलून देणं आणि गुण मोजणं एवढंच केलं. तिसऱ्या आठवड्यापासून दोन दिवसाआड एक गेम, पट्टा बांधून. तार वर्ध्याहून २२ वर करून आणली. खटक्याची कडी तुटलेलीच होती, दीडशे रुपयांत नवीन खटका मिळाला. एवढ्याशा गोष्टीसाठी तीन महिने दुखणं काढलं याचं वाईट वाटते. दोन्ही वेळची धार आता बायको काढते. तिलाही पूर्ण मुठीने काढायला सांगितलं तर म्हणाली, मी पहिल्यापासून तशीच काढते.

मधे एकदा चुकलो. चौथ्या आठवड्यात हात हलका वाटला म्हणून सलग तीन गेम खेळलो. दुसऱ्या दिवशी सकाळी कप उचलवेना. ताईंच्या मोजपट्टीने एक पायरी खाली आलो, अर्ध्या लिटरवर, आठ दिवसांत सावरलं. आता लिटरच्या बाटलीवर आहे.

वेचणीवाली

वाचून बरं वाटलं दादा. वहिनींना पण ओट्यावरचा व्यायाम शिकवा, आता दोन्ही म्हशींचा भार त्यांच्या हातावर आला आहे.

पहाटेचं_शटल

खरं आहे ताई, हे सुचायला पाहिजे होतं मला. सकाळची धार परत मी घेतली.

सामने परवा झाले. तीन जोड्यांना हरवलं, चौथ्या सामन्यात २१-१८, १९-२१, २१-१६ असे हरलो. पुतण्याने मागचं सगळं कोर्ट एकट्याने सांभाळलं, मी जाळीजवळ. तिसऱ्या गेमला एक शटल माझ्या बॅकहँडला आलं तेव्हा तोच ओरडला, "काका, सोडा!" आणि मागून येऊन त्याने ते घेतलं. दुसऱ्या दिवशी कप उचलून पाहिला. थोडी कळ होती, दुपारपर्यंत गेली.

आता कापूस वेचणी सुरू झाली, जिनिंगचं शेडही गेलं, शाळेच्या कोर्टवर आलो. ताई, नववा आठवडा चालू आहे. वेचणीच्या दिवशी बाटलीचा व्यायाम करू की त्या दिवशी सुट्टी देऊ?

फिजिओ_वर्धा

दिवसभर वेचणी असेल त्या दिवशी सुट्टी. दुसऱ्या दिवशी सकाळी कप पाहून करा. बाराव्या आठवड्यापर्यंत सोडू नका, आणि वहिनींना कुठं दुखतंय का ते विचारून इथं लिहा.