मदत हवी आहे : कुंपण ओलांडून आलेल्या पोराला लागलं, जबाबदारी कोणाची?
तासगावजवळ आमची द्राक्षबाग आहे, कडेला प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं. तारेचं कुंपण आहे, तरी सुट्टीत वस्तीवरची पोरं खालची तार उचलून पोहायला घुसतात. परवा एक मुलगा बांधावरून घसरला, हात मोडला. नशीब, पाण्यात गेला नाही. ओल्या कागदावरून मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. आता त्याचे चुलते दवाखान्याचा खर्च मागतायत, नाहीतर केस करू म्हणतात.

माणुसकी म्हणून थोडं देईनच. पण भारतीय न्याय संहितेचं निष्काळजीपणाचं कलम १२५ कुंपण असतानाही मालकाला लागतं का? हाड मोडलं की गंभीर दुखापत धरतात, म्हणून धास्ती. पैसे देताना लेखी काय घ्यावं? आणि तळ्यात दोर, ट्यूब कुणी सोडल्यात का?