डीबीए (डेटाबेस सांभाळणारा अ‍ॅडमिन) व्हायचंय, नोकरी सांभाळून सुरुवात कुठून करू?

शिरोलीकर:
नमस्कार मंडळी. बीसीए झालंय, सध्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत ईआरपी (कंपनीचा स्टॉक-हिशोब सांभाळणारं सॉफ्टवेअर) सपोर्टला आहे. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसशी बोलायची भाषा, बऱ्यापैकी येतं. आता डेटाबेसकडेच वळायचं मनात आहे. ओरॅकलचा महागडा कोर्स लावू का?

टेंबलाईवाडी:
एवढ्यात पैसे घालू नका. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाका, त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस बसवा. दोन्ही फुकट आहेत. आणि सगळ्यात आधी रिस्टोअर शिका. बॅकअप सगळेच घेतात, पण तो परत उभा करून बघणारे फार थोडे. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड ठेवणाऱ्या साइटवर चालू डेटाबेसची डिरेक्टरी चुकून पुसली गेली. डम्प (डेटाची फाइलमधली प्रत) काढणारं टूल पोस्टग्रेस ९.२ चं आणि सर्व्हर ९.६ चा, त्यामुळे डम्प निघतच नव्हता, आणि तसं कळवणारे मेलही कुणाला पोचत नव्हते. शेवटी सहा तास आधीच्या एका स्नॅपशॉटवर निभावलं.

म्हणून डम्प काढा, दुसऱ्या मशीनवर चढवा, मोठ्या टेबलांच्या ओळी जुळतात का बघा आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवा. सिस्टीम बंद पडली की साहेब पहिला प्रश्न "कधी चालू होणार?" हाच विचारतात. हे जमलं की वॉल आर्काइव्हिंग, म्हणजे डेटातल्या प्रत्येक बदलाची नोंद असलेल्या फाइली जपून ठेवणं. समजा १० वाजून ४१ मिनिटांनी कुणी व्हेअर (कुठल्या ओळी बदलायच्या ती अट) न लावता अपडेट मारला, म्हणजे टेबलातल्या सगळ्याच ओळी बदलल्या. रात्रीच्या डम्पवर गेलात तर सकाळपासूनची सगळी चलनं गेली. बेस बॅकअप (डेटाबेसच्या फाइलींची पूर्ण प्रत) आणि वॉल फाइली हाताशी असतील तर १०:४० पर्यंतचा डेटा परत आणता येतो. हे स्वतः मुद्दाम बिघडवून करून बघा.

राजारामपुरी_८वी_गल्ली:
वरच्यांशी सहमत. एक प्रत कोल्हापूरच्या बाहेर पाहिजेच. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवेच बंद होता. सर्व्हर तळमजल्यावर आणि बॅकअपची हार्डडिस्क त्याच खोलीतल्या कपाटात, याला बॅकअप म्हणत नाहीत.

शिरोलीकर:
मनापासून आभार. आमच्याकडे महिनाअखेरीला स्टॉक रिपोर्ट फार रखडतो. त्यातून काही शिकता येईल का?

टेंबलाईवाडी:
त्याच्यासारखा धडा नाही! टेस्ट कॉपीवर ती क्वेरी एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ लावून चालवा, म्हणजे डेटाबेसने ती कशी चालवली तो प्लॅन दिसेल. पोस्टग्रेस असेल तर मोठ्या टेबलावर 'सीक स्कॅन' (अख्खं टेबल ओळीने वाचणं) दिसतो का बघा. ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हरमध्येही असा प्लॅन बघता येतो. अंदाजे ओळी आणि प्रत्यक्ष ओळी यांत मोठी तफावत असेल तर आधी अ‍ॅनालाइझ ही वेगळी आज्ञा चालवून स्टॅटिस्टिक्स (ज्यांवरून डेटाबेस अंदाज बांधतो ते आकडे) ताजे करा. इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) त्यानंतर, आणि तोही मोजून. प्रत्येक इंडेक्समागे नवी नोंद घालायला थोडा जास्त वेळ लागतो, आणि गेटवरची एंट्री हळू झाली की ट्रकवाले खोळंबतात.

राजारामपुरी_८वी_गल्ली:
लॉगिनची यादीही तपासा. नोकरी सोडून गेलेल्यांची खाती बंद केलीत का, सगळे एकाच अ‍ॅडमिन पासवर्डवर चालतात का? या कामाला कुणी शाबासकी देत नाही, पण ते डीबीएचंच आहे. साहेबांना विचारून आत्तापासून अंगावर घ्या. कोर्सचं सहा महिन्यांनी बघू.